पेन्सिलीचे शेरे

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं, त्या वर्षांत मी इथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. चाचणीच्या पेपरवर लगेच गुण द्यायचे नाहीत, असं खूळ मी डोक्यात घेतलं होतं. समासात पेन्सिलीनं लिहायचं, इथं कारण दे, इथं उदाहरण हवं. मुलांनी जमेपर्यंत पुन्हा लिहून आणायचं. आकडा अगदी शेवटी. ‘सर पेपर तपासत नाहीत, पत्रं लिहितात,’ अशी स्टाफरूममध्ये माझी टिंगल चाले. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

गंगापूरकडच्या एका मेंढपाळाची मुलगी रोज एसटीनं यायची. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. वाळूजच्या कारखान्यात लागलेल्या मुलाचं स्थळ तिला सांगून आलं होतं. चाचणीत पास झाली तर पुढं शिकायचं, नाहीतर लग्न, असं घरात ठरलेलं. तिचं पहिलं उत्तर तीन ओळींचं होतं. चौथ्या खेपेला तिनं दोन पानं अशी लिहिली, की मी ती दोनदा वाचली. तरीही सवयीनं दोन ठिकाणी शेरे मारलेच.

मग नामांतरावरून शहरात बंद पुकारला गेला. एसटी थांबली, कॉलेजही. सगळं सुरळीत झालं तेव्हा तिच्याऐवजी वडील आले. खांद्यावर घोंगडी, हातात तिचे पेपर.

“मास्तर, पोरगी पास हाय का?”

“अजून थोडं राहिलंय. पुन्हा लिहू द्या तिला.”

त्यांनी पानं उलटसुलट केली. “समद्या पानांवर तुमचंच लिवणं हाय. लई चुकलं व्हय?”

“चूक नाही हो, ही शिकवायची पद्धत आहे,” म्हणत मी त्यांना ती पद्धत समजावत बसलो. चांगली दहा मिनिटं. ते मान हलवत होते. जाताना पेपर माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

महिन्याभरानं ती दाखला न्यायला आली. हातात हिरवा चुडा.

“अगं, वीसपैकी सतरा होते तुला!”

“मी सांगत होते आबाला, सरांना आवडलंय म्हणून. पण त्याला वाचता येत नाय, सर. आकडे तेवढे येतात.”

मला तिच्याकडं बघवेना. मी तिचे पेपर काढून पुढं ठेवले.

“आता लिहून देता का?” ती म्हणाली. “आबाला दाखवीन.”

मी लाल शाईनं सतरा लिहिले. शाई वाळेपर्यंत ती थांबली आणि पानं घडी करून घेऊन गेली.