निगेटिव्हवरची पेन्सिल

लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायला आई मला एका स्टुडिओत घेऊन गेली. खरं तर फोटो माझ्याकडे होता. माझ्या फिल्म कॅमेऱ्यातून मैत्रिणीनं काढलेला, मांजरी गावात, उसाच्या कडेला. त्यात मी आहे तशी आहे. सावळी, कपाळावर कांजिण्यांचा वण, हसू येता येता थांबलेलं. आईनं तो हात लांब करून पाहिला. "छान आहे. पण हा काय पाठवायचा फोटो आहे का?"

स्टुडिओवाल्यानं पाच मिनिटांत वीसेक फोटो काढले आणि एक निवडून कॉम्प्युटरवर बसला. आई त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. आधी माझे गाल उजळले, मग मान. वण गेला.

"अजून थोडं करा."

"काकू, अजून केलं तर ताई ट्यूबलाइट दिसतील."

"दिसू दे की. उजेड तरी पडेल."

दोघं हसले. मी मागच्या बाकावर बसून चपलांकडे बघत होते. माझ्याबद्दल बोलणं चालू असलं की मला गप्प बसायची सवय आहे.

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "फिल्मवर असलं काही करता येत नाही."

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं कपाटातून एक पाकीट काढलं. आत तिचा लग्नाआधीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता, स्थळांना दाखवायचा, आणि त्याची तळहाताएवढी निगेटिव्ह. मी ती खिडकीपाशी तिरकी धरली. चेहऱ्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा चमकल्या. निगेटिव्हमध्ये जिथं काळं, तिथं फोटोत गोरं. गालांवर, नाकावर, डोळ्यांखाली कुणीतरी निगुतीनं पेन्सिल फिरवली होती. आणि मी ऑफिसात चार जणांना इंग्रजीतून समजावलं होतं, की फिल्म खोटं बोलत नाही.

आजी, म्हणजे बाबांची आई, शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "फोटो दाखवला एकीचा, घरात आली दुसरीच." सगळे हसायचे. लहानपणी मीही हसायचे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"माझ्या वडिलांनीच सांगून करून घेतलं. मी तिथंच होते."

"आजीचं आयुष्यभर ऐकून घेतलंस, आणि आज माझंही तेच केलंस?"

"ऐकून घ्यायला घर तरी मिळालं," ती म्हणाली आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

उजळलेला फोटो वाघोलीच्या एका कुटुंबाला फार आवडला. आईनं हे सांगताना 'तू आवडलीस' असं म्हटलं नाही, तेवढी ती प्रामाणिक आहे. ते रविवारी येणार होते. मुलाच्या बायोडाटावर त्याच्या आईचा नंबर होता. शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी त्यांना उसाच्या कडेचा फोटो पाठवला. खाली एकच वाक्य लिहिलं, तेही चारदा खोडून: 'भेटण्याआधी हाही फोटो पाहावा, असं वाटलं.' निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही.

शनिवारी सकाळी आईला फोन आला. त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले होते. ते पाहुणे पुढच्या रविवारीही राहणार होते.

मी काय केलं ते आईला सांगितलं. ती ओरडली नाही. रविवारसाठी बाहेर काढलेल्या कपबश्या तिनं एकेक करून पुन्हा आत ठेवल्या, आणि मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे."

नकार आला तर सुटल्यासारखं वाटेल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनी मला नाकारल्याचं मला लागलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

मोबाइलवर मुलाचा फोटो अजून होता. मी तो पहिल्यांदाच नीट मोठा करून पाहिला. तो माझ्याइतकाच सावळा होता. गालावर मुरमांचे खड्डे होते, स्पष्ट दिसत होते. त्याच्या फोटोला कुणी हात लावलेला नव्हता.