अर्धवट, तीन प्रतींत

आमच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंच्या तोंडात दिवसभर गुटखा असायचा. त्या रंगीत पुड्या तेव्हा नुकत्याच टपऱ्यांवर लटकायला लागल्या होत्या. बोलायला ते माझ्या टेबलावर वाकायचे आणि टाइप केलेल्या कागदावर लाल शिंतोडे पडायचे. मी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून टाकायचे आणि पान नव्याने करायचे. त्यावर सगळी कचेरी हसायची.

मी तिथली टंकलेखक. धारूरहून एसटीने जायचे. टाइप करायला बसले की शेजारून मारलेली हाक ऐकू यायची नाही. डबा विसरायचे, छत्री विसरायचे, साहेबांचा निरोप तर हमखास विसरायचे. मात्र पन्नास पानांत एक चूक सापडायची नाही. पंख्याची खडखड आणि चौघांचं एकदम बोलणं सहन व्हायचं नाही, म्हणून कानात कापूस घालायचे. हळदीकुंकवाच्या घोळक्यात जीव गुदमरायचा, म्हणून जायचे नाही. त्यामुळे बायकाही मला नेमाने नावं ठेवायच्या. या सगळ्याला तिथे एकच शब्द होता: अर्धवट.

चोपन्नाव्या वर्षी, भाचीच्या मुलीला घेऊन औरंगाबादला गेले असताना, डॉक्टरीणबाईंनी मुलीचं तपासून झाल्यावर मलाही प्रश्न विचारले. पुढे रीतसर तपासण्या झाल्या. ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही निघालं. आता त्याच कचेरीत ‘सर्वांना सामावून घेऊ’ असा फलक लागलाय. तो वाचून मला शिसारी येते. मला तेव्हा नुसतं एक दार मिळालं असतं तरी पुरलं असतं.

तसं दार होतं. वरिष्ठ लिपिकाला मागची वेगळी खोली मिळायची. त्या वर्षी ती जागा निघाली आणि सेवाज्येष्ठतेने नंबर माझा होता. त्या खोलीसाठी माझा जीव तुटत होता.

बढतीला गोपनीय अहवाल लागायचे. साहेबांनी हाताने लिहिलेला गठ्ठा मोठ्या बाबूंनी टाइप करायला माझ्यासमोर टाकला.

“त्यात हिचा बी हाय की. हिलाच कावून दिला?” साहेबांनी माझ्यादेखत विचारलं.

“करू द्या साहेब. तिला काय कळतंय?”

माझ्या अहवालात लिहिलं होतं, ‘सदर कर्मचारी अर्धवट व विसराळु असून जबाबदारीच्या पदास योग्य नाहीत.’ मी ‘विसराळु’चा उकार दीर्घ केला, समास मोजून सोडला, दोन कार्बन घातले आणि तीन प्रती काढल्या. साहेब न वाचता सही करतात हे शिपायालाही माहीत होतं. ते वाक्य गाळता आलं असतं. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. दिलेला मजकूर उतरवायचा असतो, एवढंच मला ठाऊक.

त्या वाक्यापायी बढती गेली. निवृत्तीपर्यंत मी त्या पंख्याखालीच बसले. त्या दोघांची किळस येतेच, पण त्याहून जास्त मला माझी स्वतःची येते, त्या संध्याकाळची.

त्या संध्याकाळी साहेबांनी सह्या केल्या, वरचा कागद उचलून उजेडात धरला.

“टायपिंग लई सुबक हाय बाई तुमचं,” ते म्हणाले.

त्या कचेरीतली ती माझी पहिली शाबासकी. मी त्यांचे आभार मानले, आणि घरी जाताना स्टँडवर पावशेर पेढे घेतले.