सुलूचा खांदा

"काकी, आई गेली," असं सुलूच्या मंगेशनं दारात येऊन सांगितलं, तेव्हा मला रडू नाही, आधी राग आला. महिना झाला, अजून उतरलेला नाही. डिलाईल रोडच्या चाळीत एकाच मजल्यावर आम्ही दोघी लग्न होऊन आलो, भिंतीला भिंत लागून. तेव्हापासून बघते, ही बाई सगळ्यांना ऐकवायची, स्वतः कुणाचं म्हणून ऐकायची नाही.

आतड्याचा कॅन्सर ऑपरेशन करून काढला, नंतरचं वर्ष बरं गेलं. मग रक्ताच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. सुईतून साखरेसारखं औषध देतात, रोग असेल तिथं ते जास्त ओढलं जातं आणि फोटोत ती जागा चमकते. पण राबलेला स्नायूही चमकतो, म्हणून आदल्या दिवशी अंगमेहनत करायची नाही, हे तिथल्या बाईंनी आम्हा दोघींना बजावलं होतं. सुलूनं मान हलवली. आणि आदल्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या मोरीत आपटून धुतल्या! का, तर रिपोर्ट वाईट आला की माणसं भेटायला येणार, त्यांना बसायला स्वच्छ नको? मी कपाळावर हात मारला. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली, गोधडी पिळत.

फोटोत उजवा खांदा चमकला. डॉक्टरांनी विचारलं, काल जड काम केलं होतं का. हिनं गोधड्यांची हकिगत सांगितली, ती पण कौतुकानं. ते म्हणाले, हा आजार सहसा यकृतात नाहीतर फुप्फुसात पसरतो, खांद्याच्या स्नायूत क्वचितच. कामामुळेही असेल, पण खात्री हवी, थोड्या दिवसांनी पुन्हा बघू. त्यातलं 'कामामुळे' तेवढंच हिनं उचललं. खांदा ठणकायचा, तर तेल चोळायची. मजल्यावर सांगत सुटली, माझ्या गोधड्या चमकल्या म्हणून. स्कॅनचं नाव काढलं की आज संकष्टी, उद्या गावचे पाहुणे, मग गणपती... मंगेश बिचारा तारीख घ्यायचा, ही रद्द करायला लावायची. वाचली असती असं मी म्हणत नाही, पण औषधं तरी लवकर सुरू झाली असती ना? शेवटी मी बोलणं टाकलं, तेव्हा तयार झाली.

या खेपेला आदल्या दिवशी मी राखणीला बसले. हातातला झाडू काढून घेतला. भाकऱ्या मी थापल्या, त्या जाड झाल्या हेही ऐकून घेतलं. "बाळंतीण करून ठेवलीस माझी," अशी कुरकुरत पडून राहिली. जन्मात पहिल्यांदा दिवसभर निजली असेल.

तरी खांदा चमकलाच, आधीपेक्षा जास्त. पुढे सुई घालून तुकडा तपासला, तोच आजार. पण सुलूला ते फोटो बघूनच कळलं होतं. डॉक्टरांना सोडून माझ्याकडे वळली. एरवी चांगलं शुद्ध बोलायची, घाबरली की मालवणीत जायची.

"काल तर मी कायच करूक नाय गो..."

इतके दिवस तिला सुनावायचं म्हणून साठवलेलं सगळं सोडून मी तिची पिशवी उचलली.

मंगेशनं तिचा पलंग अजून हलवलेला नाही. दुपारी जाऊन मी कडेला टेकते. "काकी, आडव्या व्हा जरा," म्हणतो तो. मी नाही होत. स्वस्थ पडून राहिलं की काय सापडतं, ते मी पाहिलंय.