देवमनभाऊंचा चार दिव्यांचा बोर्ड

अकोल्याच्या डाबकी रोडवर देवमनभाऊंच्या घरी गेलेला माणूस नुसता चहा पिऊन निघाला, असं कधी झालं नाही. सिलिंडरवाला असो, पॉलिसीवाला असो की मतदारयादी तपासायला आलेल्या मास्तरीणबाई असोत, सगळ्यांना दिवाणावर टेकून त्यांचा बोर्ड पाहावाच लागे. शकुन, म्हणजे त्यांची बायको, पहिला चहा देतानाच दुसऱ्याचं आधण ठेवून यायची. बोर्ड पाहिलेल्या माणसाला दुसरा चहा लागतोच, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

बोर्ड दिसायला मात्र देखणा. जाड सागवानी पाट, त्यावर लाखेचं पॉलिश, पितळेचे चार होल्डर आणि त्यांत चार दिवे: लाल, पिवळा, हिरवा, निळा. समोर जुन्या पद्धतीची काळी गोल बटणं, प्रत्येकावर त्या त्या रंगाची टोपी. लाकूडकाम कुर्बान मिस्त्रींचं, बाकी सगळं भंगार बाजारातून एकेक करून जमवलेलं. नवा पाहुणा हटकून विचारायचा, "आजोबाच्या वेळचं काय हो हे?" देवमनभाऊ नुसते हसायचे.

लाल बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, निळं दाबलं की निळा. यात काय मोठं? मग देवमनभाऊ पाहुण्याला म्हणायचे, "आता तुमच्या हातानं दिवे बदलवा." पाहुणा लाल दिवा काढून निळ्याच्या जागी लावायचा, निळा लालच्या जागी. तरी लाल बटणाला लालच दिवा लागायचा. बटणांच्या टोप्या बदलल्या तरी तेच. वायर पाहावी तर एक आत गेलेली, एक बाहेर आलेली, सगळी उघडी. पाहुणा पाट उलटा करून बघायचा, डोकं खाजवायचा, पुन्हा बसायचा. तोवर शकुनचं आधण उकळलेलं असायचं.

देवमनभाऊंची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन म्हणून झाली. जिथं बघावं तिथं कापसाचे ढीग, आणि हे त्यातून मोटारी आणि स्टार्टर सांभाळत फिरणार. एक ठिणगी पडली असती तर सगळंच संपलं असतं. हंगामात ते झोपेतही दचकून उठायचे आणि "जळकट वास येऊन राह्यला का?" विचारायचे. निवृत्त झाले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि म्हणाले, "जिंदगीभर लाइटीच्या लाइनीनं मले धाकात ठेवलं. आता तिच्याकडून जरा गंमत करून घेतो." त्या गमतीचा हा बोर्ड.

त्यातली करामत काय, ते त्यांनी शकुनलाही सांगितलं नव्हतं. "तुले सांगतलं तं तुह्या तोंडावर दिसन," म्हणायचे. शकुनही विचारायच्या भानगडीत पडली नाही. तिला स्वयंपाकघरातून आवाज ऐकू यायचा, चहा नेता-आणता ओझरतं दिसायचं, आणि तेही इतक्या वेळा की कुठं ते थांबतात आणि कुठं घसा खाकरतात, हे तिला आरतीसारखं पाठ झालं होतं.

त्यांची मुलगी प्रणाली अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिथंच गणित शिकवणाऱ्या कुलदीपशी तिचं जमलं. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं आणि एका रविवारी कुलदीपच्या आईवडिलांनी अकोल्याला यायचं ठरलं. प्रणाली शनिवारी आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, उद्या बोर्ड नाही काढायचा."

"काहून?"

"ते लग्नाचं पाहायला येऊन राहिले, सर्कस पाहायला नाही. काकांच्या सीमाताईच्या लग्नात काय झालं, आठवते ना? स्टेजवर नवरा-नवरी दोघंच, आणि सगळे पाव्हणे तुमच्या बोर्डापाशी. फोटोवालापण."

"फोटोवाल्यालेच जास्त आवडला होता," देवमनभाऊ म्हणाले.

"बाबा, कुलदीपचे बाबा विद्यापीठाच्या ऑफिसात होते. मोजकं बोलणारा माणूस आहे. त्यांना असलं काही... नाहीच काढायचा. त्याचा विषयसुद्धा नाही."

"नाई काढत वं. शब्द देल्ला."

आणि त्यांनी खरंच बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवला. सरकवताना असे वाकले की शकुनला एकदम वाईट वाटलं. पण पोरीचं लग्न होतं.

रविवारी पाहुणे वेळेवर आले, बरोबर कुलदीपही. त्याचे वडील गजेंद्रराव उंच, इस्त्रीच्या शर्टातले. आई ज्योत्स्नाबाई बारीक चणीच्या, डोळ्यांनी सगळं टिपणाऱ्या. "जेवणाचं काही करू नका, फक्त चहा," असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं, तरी शकुननं तुरीच्या शेंगांचे सोले काढून ठेवले होते. सोलेभात करायला कितीसा वेळ लागतो?

आलूपोहे झाले, चिवडा झाला. बोलणं मात्र काही होईना.

"मुर्तिजापूरपासून रस्ता बरा झाला आता," गजेंद्रराव म्हणाले.

"हो," देवमनभाऊ म्हणाले.

"तुमची नोकरी जिनिंगमध्ये होती म्हणे."

"हो."

"मग विजेचं काम म्हणजे जोखमीचंच."

देवमनभाऊंनी तोंड उघडलं, प्रणालीकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांच्या बोलण्याची कुठलीही वाट शेवटी बोर्डापाशीच जाऊन पोचायची, म्हणून ते आज वाटेलाच लागेनात. रस्त्यावरून मोटारीवर, मोटारीवरून बॅटरीवर आणि बॅटरीवरून दिव्यावर यायला त्यांना फार वेळ लागत नसे. प्रणाली मात्र खूश होती. बाबा किती शहाण्यासारखे बसलेत, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तेवढ्यात गल्लीत नळ आले. अकोल्यात नळ आले की घरात पाहुणे असोत की मंत्री, माणसाला उठावंच लागतं. देवमनभाऊ मोटार लावायला मागे गेले, प्रणाली चहा बघायला आत गेली, कुलदीप फोन घेऊन अंगणात गेला. शकुन पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर येत होती, ती पडद्याआडच थबकली.

"यांना पसंत नाही वाटतं," ज्योत्स्नाबाई हळूच म्हणत होत्या.

"माणूस तोंडातून शब्द काढत नाही," गजेंद्रराव म्हणाले. "पोरीनं परस्पर ठरवलं, त्याचा राग असेल."

"मग चहा घेऊ आणि निघू. कोणाच्या मनाविरुद्ध सोयरीक नको बाई. कुलदीपला घरी गेल्यावर समजावू."

बाहेर जाऊन सांगावं तर काय सांगावं? रुसलेल्या माणसाची बायको नेहमी हेच सांगते, की ते रुसले नाहीत. तिनं पाणी दिलं, हसून पाहिलं. पाहुणेही हसले, पण निघायच्या बेतातलं हसले.

देवमनभाऊ हात पुसत आले आणि पुन्हा खुर्चीत अंग चोरून बसले. प्रणालीनं चहा आणला.

"काहो," शकुन म्हणाली, "पाव्हण्याले काई दाखवा ना."

देवमनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. प्रणालीनं डोळे मोठे केले.

"काई नाई दाखवाले," ते म्हणाले आणि पायाचा अंगठा न्याहाळू लागले. दिलेल्या शब्दाचा माणूस. शकुनला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला, तेवढा बोर्डाचा कधी आला नव्हता.

गजेंद्ररावांनी कप खाली ठेवला. "बरं, मग आम्ही..."

शकुननं पदर खोचला, फरशीवर गुडघे टेकले आणि दिवाणाखालून चादरीचं गाठोडं ओढलं.

"आई," प्रणाली दबक्या आवाजात म्हणाली.

"शब्द तुह्या बाबानं देल्ला. मले कोणी इचारलं होतं?"

बोर्ड टीपॉयवर आला, पिन लावली, आणि मग शकुनच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. करामत दिव्यात आहे, बटणात आहे की हाताच्या लकबीत, कोण जाणे. देवाचं नाव घेऊन तिनं ठरवलं, हे जे जे करतात, ते सगळंच करायचं. काही सुटलं नाही म्हणजे झालं.

ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दिवे पुसायचे, तिनं पदरानं पुसले. ते पाटावर दोन टिचक्या मारायचे, तिनं मारल्या. ते म्हणायचे, "बसा बाप्पा, घाई कशाची हाय," तेही तिनं त्यांच्याच हेलात म्हटलं. ते ऐकून कुलदीप दारातून आत आला. मग त्यांचं घसा खाकरणं झालं. त्यानंतर ते चहाचा एक घोट घ्यायचे. शकुनचा स्वतःचा कप नव्हता. तिनं इकडं तिकडं पाहिलं, नवऱ्याच्या हातातला कप घेतला, होणाऱ्या व्याह्यांसमोर त्यातला घोट घेतला आणि कप त्यांच्या हातात परत दिला.

ज्योत्स्नाबाईंच्या भुवया वर गेल्या. प्रणालीनं कपाळाला हात लावला.

शकुननं लाल बटण दाबलं. लाल दिवा लागला. एकेक करून चारही लागले.

"आता तुमी बदलवा," ती गजेंद्ररावांना म्हणाली. "तुमच्या हातानं."

गजेंद्ररावांनी संकोचून पिवळा आणि हिरवा बदलला. शकुननं पिवळं बटण दाबलं. पिवळाच लागला. गजेंद्रराव पुढे सरकले. "थांबा. थांबा जरा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे शक्य नाही. वायर तर एकच आहे."

"मी बदलवते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांनी लाल काढून निळ्याच्या जागी लावला, निळा लालच्या जागी, आणि वर टोप्याही फिरवल्या.

शकुननं पुसलं, टिचक्या मारल्या, घाई कशाची हाय म्हटलं, नवऱ्याच्या कपातला घोट घेतला आणि लाल बटण दाबलं. हिरवा लागला.

शकुनचे कान तापले.

"खाकरली नाईस तू," देवमनभाऊ म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहुणे आल्यापासून ते आपणहून बोललेलं पहिलं वाक्य होतं ते.

"काय?" गजेंद्ररावांनी विचारलं.

"घोटाच्या आधी खाकरा लागते. तिनं तसाच घेतला."

शकुननं घसा खाकरला. घोट घेतला. बटण दाबलं. लाल.

सगळ्यांत आधी हसली ती प्रणाली. हसू आवरेना म्हणून ती कुलदीपच्या आईच्याच खांद्यावर कलंडली. मग ज्योत्स्नाबाई हसल्या, तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे खाकरण्याशी खरंच काही संबंध आहे?" गजेंद्रराव विचारत राहिले, आणि देवमनभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमी स्वतः करून पाहा ना साहेब." मग ते सुटले. जिनिंग निघाली, कुर्बान मिस्त्री निघाले, भंगार बाजार निघाला. गजेंद्रराव इस्त्रीचा शर्ट सांभाळत खाली सतरंजीवर येऊन बसले आणि पाट उलटा करून पाहू लागले. कुलदीप कागदावर वायरिंगचं चित्र काढू लागला, प्रणाली त्याला चुका दाखवू लागली.

शकुन आत गेली. ज्योत्स्नाबाई मागोमाग आल्या.

"खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुमचे मालक नाराज आहेत."

"ते?" शकुन म्हणाली. "पोरीनं त्याहिचं तोंड बांधून ठेवलं होतं. बोर्डाचं नाव काढाचं नाई म्हणून. त्याहिले दुसरं काई बोलताच येत नाई."

ज्योत्स्नाबाई पुन्हा हसल्या. बाहेरून गजेंद्ररावांचा आवाज आला, "नाही नाही, मला पुन्हा एकदा दाखवा."

"आमचे हे रिटायर झाल्यापासून इतकं कोणाशी बोलले नाहीत," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. मग शकुनजवळ सरकल्या. "आमचा होकार आहे ताई. साखरपुडा अमरावतीला करू, आणि हा बोर्ड घेऊन या. तुमच्याकडून काय ते विचारून घ्या त्यांना."

शकुननं दारातून डोकावलं. दोन माणसं चार दिव्यांवर वाकली होती. "काहो," तिनं हाक मारली. कोणी वर पाहिलं नाही. "काहो, आयकता का," ती पुन्हा म्हणाली. देवमनभाऊंनी वर न बघता हातानं थांब म्हटलं.

ती परत वळली.

"त्याहिले इचारून आता काई उपयोग नाई," ती म्हणाली. "माहाच होकार धरा. आन बसा, जेवल्याशिवाय कोणी जाऊन नाई राह्यलं."

ज्योत्स्नाबाईंनी कोथिंबीर चिरायला विळी पुढे ओढली, पाय दुमडून बसल्या आणि विचारलं, "सांभार कुठं ठेवता तुम्ही?"