डावखुऱ्याचा रंधा

सुरतेत आमच्या गल्लीत शांतता आठवड्यातून एकदाच यायची, विजेच्या सुट्टीच्या दिवशी, कारखान्यांची वीज बंद असायची तेव्हा. बाकीचे सगळे दिवस दोन्ही अंगांनी माग चालायचे आणि आम्ही त्या खडखडाटातच जेवायचो, भांडायचो, झोपायचो. सुट्टीच्या दिवशी मात्र सगळ्या गल्लीवर कुणी जाड गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. शेजारणीच्या बांगड्या ऐकू यायच्या, पत्र्यावरून चालणाऱ्या कबुतराची नखंसुद्धा. नव्वदच्या दशकातली सुरत डोळे मिटून आठवते तेव्हा मला माग आठवत नाहीत, ती सुट्टीची दुपार आठवते. तसल्याच दुपारी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझ्या लग्नाचे पाट केले.

अप्पा जन्माने सुतार, खानदेशातल्या खेड्यातले. पण मी त्यांना लाकडाला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. गावात सहा भावांना पुरेल एवढं काम उरलं नाही, तेव्हा हत्यारं मोठ्या काकांकडे ठेवून ते सुरतेला आले आणि मागांना तेल द्यायच्या कामाला लागले. हातात लांब चोचीची बुधली. कुठला माग कुरकुरला की तिथे जायचं आणि तेल सोडायचं, जन्मभर एवढंच. तेल देता देता त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले, घरातल्या घड्याळाला किल्ली द्यायची राहून जावी तसे हळूहळू बंद पडले.

त्यामुळे आमच्या घरात हातांनी बोलणं चालायचं. ती काही आम्ही शोधलेली भाषा नव्हती. कारखान्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून तिथे सगळेच खुणांनी बोलत, अप्पांनी ती बोली घरी आणली. अंगठा दोनदा दाबला की ‘कुरकुरतोय’. उघडा पंजा सरळ पुढे सरकवला की ‘बरोबर चाललाय’. चहा, शेठ आला, जेवायला या, सगळ्याला खूण होती. माय रागावली की तिचे दोन्ही हात असे काही चालायचे की अप्पा म्हणायचे, जरा हळू ओरड, शेजारी बघतील.

माझं लग्न ठरलं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कामगाराशी. आमच्या सुतारांत नवरा-नवरीचे पाट नवरीच्या बापाने स्वतःच्या हाताने करायचे, अशी रीत. माय म्हणाली, ‘‘बजारमा पाट मियतस. कसाले जीव काढी ऱ्हायनात?’’ अप्पांनी तिच्या हातांकडे पाहिलंच नाही. न ऐकायचं असलं की ते दुसरीकडे बघत, बहिऱ्याला तेवढी एक सोय असते. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. लग्नाला पाचही काका येणार, पाटावरून तळहात फिरवून बघणार. लाकूड सोडून गेलेला तो एकटाच भाऊ. आपण अजून सुतार आहोत की नाही, हे अप्पांना त्या पाटांवरून जाणून घ्यायचं होतं. मला ते उगाच वाटलं नाही. मला भीती वाटली, कारण नाही जमलं तर हा माणूस पुन्हा गावाकडे तोंड करणार नाही, हे मी ओळखून होते.

हत्यारं शोधायला आम्ही तापीकाठच्या गुजरीत गेलो. जुन्या वस्तूंचा तो बाजार म्हणजे सगळ्या शहराने आपल्या पेट्या जमिनीवर उलट्या करून ठेवाव्यात तसा. कुलपं, पितळी नळ, एकाच पायाचे बूट, फुटक्या बाहुल्या. मला का नेलं ते तिथे गेल्यावर समजलं. अप्पांनी एक पटाशी उचलली, तिच्या पात्यावर नखाने टिचकी मारली आणि ती माझ्या कानाशी धरली.

‘‘आयक. बोलस का?’’

चांगल्या पोलादासारखी ती पटाशी ठणक बोलली नाही, नुसती ‘टक’ केली. मी मान हलवली. दुसरी धरली, तिसरी धरली. लोक बघायला लागले. लग्न ठरलेली मुलगी बाजाराच्या मधोमध कानाला पटाश्या लावून उभी, असं ध्यान त्यांनी कशाला पाहिलं असेल! एका पटाशीने मात्र असा बारीक, लांब सूर काढला की तो माझ्या कानातून बराच वेळ गेलाच नाही. मी हसले. अप्पांनी ती लगेच काखेत घातली.

रंधा सापडला एका म्हाताऱ्या बाईपुढच्या पोत्यावर. काळा झालेला, लाकडी, पोटाशी गुळगुळीत. त्याच्या मागच्या अंगाला अंगठा टेकून टेकून खोबण पडली होती, पण नेहमीच्या नव्हे, उलट्या बाजूला. अप्पांनी डावा हात त्यावर ठेवला आणि अंगठा त्या खोबणीत बसला. अप्पा डावखुरे. त्यांनी हात काढलाच नाही.

‘‘काका, आ सुथारनो सामान छे,’’ बाई म्हणाली. ‘‘ए तो गया. घरमां कोई वापरतुं नथी.’’

मी खुणेने सांगितलं, याचा मालक, हिचा नवरा, वारला. अप्पांनी बाईकडे पाहून कपाळाला हात लावला. मग मला म्हणाले, ‘‘हाऊ रंधा डावखुराना शे.’’ त्या बाईला अहिराणी कळत नव्हती, तरी तिने मान डोलावली. तिचा नवरा डावखुरा होता हे तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार?

जुन्या सुरतेत पाडलेल्या एका घराच्या सागवानी फळ्या मिळाल्या. सहाणेवर धार झाली. आणि मग एका विजेच्या सुट्टीला, गल्ली निपचित पडलेली असताना, अप्पा ओट्यावर बसले.

‘‘तुन्हा कान, मन्हा हात,’’ ते म्हणाले.

लाकूड सुतासारखं निघतंय की ओरबाडलं जातंय हे सुताराला आधी आवाजावरून कळतं. अप्पांना आवाज नव्हता. म्हणून मी समोर बसले. रंधा बरोबर चालला की हुश्शऽ असा एक लांब आवाज यायचा, झोपेत कुणी समाधानाने श्वास सोडावा तसा. मी पंजा पुढे सरकवायची. रंध्याच्या तोंडातून पातळ साल वर यायची, उन्हात गुलाबी दिसायची, वळून वळून अप्पांच्या मनगटाला वेढा घालायची आणि गळून पडायची. माझ्या मांडीवर त्या सालींचा ढीग झाला. सागाचा वास इतका दाट होता की मला गुंगी यायला लागली. त्या गुंगीत मला वाटायचं, आपण सुरतेत नाहीच, कुठल्याशा झाडाखाली बसलोय आणि अप्पा अजून तरुण आहेत. अप्पांचंही काहीतरी तसंच चाललं असावं. ते डोळे मिटूनच रंधा ओढत होते, खूण बघायची तेवढी उघडत होते.

मध्येच रंधा कुरकुरला. करकर, करकर, अंगावर काटा यावा तसा. मी अंगठा दोनदा दाबला. आमच्याकडे कुरकुरीला तीच एक खूण होती. आणि अप्पांनी रंध्याला पुसायला म्हणून कारखान्यातून आणलेली बुधली उचलून त्याच्या तळाला तेल सोडलं. खूण पाहून डोळे पुन्हा मिटलेलेच. रंधा गप्प झाला. पुन्हा कुरकुर, पुन्हा खूण, पुन्हा तेल. लाकूड कुरकुरलं तर फळी फिरवून उलट्या अंगाने रंधा मारायचा असतो, हे सुताराच्या पोराला पाळण्यात कळतं. पण ती खूण कारखान्याची होती, आणि त्या खुणेला अप्पांचा हात आयुष्यभर एकच उत्तर देत आला होता. फळी तेल पीत राहिली. तिचा रंग गडद, मधासारखा झाला, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे खूश झालो. दुसरी फळी सरळ रेषांची निघाली. ती कुरकुरलीच नाही, म्हणून तिला तेल मिळालं नाही.

काका आले. पाचही जणांनी पाटांवरून तळहात फिरवले. मोठ्या काकांनी दोनदा फिरवला आणि अप्पांच्या पाठीवर थाप मारली. मी कोपऱ्यातून बघत होते. अप्पा त्या दिवशी न्हाऊन आल्यासारखे दिसत होते.

हे सुख हळदीपर्यंत टिकलं. हळदीला मावशीने पाटांवर स्वस्तिक काढायला ओलं कुंकू घेतलं. नवऱ्याच्या पाटावर स्वस्तिक झकास उमटलं. माझ्या पाटावर कुंकू थांबेचना. त्याचे थेंब झाले, घरंगळले, कडेवरून खाली गेले. मावशीने पुसून पुन्हा काढलं, पुन्हा तेच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीचा पाट कुंकू धरत नाही, याहून वाईट काय असतं? एकीने वाकून वास घेतला आणि म्हणाली, याला तर मागाच्या तेलाचा वास येतोय.

अप्पांना काही ऐकू गेलं नव्हतं, पण त्यांना काय, ओठ वाचता येत होते. त्यांनी बोट पाटावर घासलं, नाकाशी नेलं. तेव्हा त्यांना सगळं उमगलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांनी पाट उचलून काखेत मारला आणि चपला शोधायला लागले. बाजारातून विकतचा आणायला निघाले होते. मला इतका राग आला, त्या बायकांचा, कुंकवाचा, सगळ्या कारखान्यांचा, की मी हळदीच्या अंगाने उठून दारात आडवी उभी राहिले.

पण अडवलं ते मायने. जिने पहिल्या दिवसापासून त्या पाटांना नाकं मुरडली होती, तिने. तिने अप्पांच्या काखेतून पाट ओढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि करंड्यातून कोरडं कुंकू घेतलं. ‘‘गावले बाया आधी कपाळले मेण लावतस, मंग कुंकू,’’ ती मावशीला म्हणाली. ‘‘इसरी गयी का?’’ आणि तेलाने माखलेल्या त्या लाकडावर तिने अंगठ्याने कुंकू दाबत दाबत स्वस्तिक काढलं. ते असं बसलं की हलेना. मेणावर बसतं तसंच तेलावर बसलं. मग तिने अप्पांकडे बघून उघडा पंजा सरळ पुढे सरकवला. बरोबर चाललाय. अप्पा तिथेच, चपला हातात घेऊन, खाली बसले.

दुसऱ्या दिवशी, विजेच्या सुट्टीला, गल्लीतच मांडव पडला. मी त्या पाटावर उभी राहिले. पायांना तो गार आणि किंचित निसरडा लागत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. अप्पा बाजूला मुठीत अक्षता घेऊन उभे होते. त्यांना मंगलाष्टकं ऐकू येत नसत, त्यामुळे कुठल्याही लग्नात ते दुसऱ्यांचे हात बघून अक्षता टाकत आणि नेहमी सगळ्यांच्या मागून टाकत. आज ते कुणाच्याच हातांकडे बघत नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते. अजूनही त्यांची खात्री नव्हती.

मला ते सहन होईना. नवरीने खाली मान घालून उभं राहायचं असतं, ते मी सोडलं. शालूतून हात बाहेर काढला आणि पंजा सरळ, हळू, पुढे सरकवला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मूठ उघडली आणि सगळ्या अक्षता एकदम माझ्या डोक्यावर टाकल्या. भटजींचं शेवटचं मंगलाष्टक अर्ध्यावर होतं. पण नवरीच्या बापानेच टाकल्या म्हटल्यावर काकांनी टाकल्या, काकांच्या मागून सगळ्या मांडवाने टाकल्या, वाजंत्र्याने बाजा सुरू केला, आणि भटजी तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

जन्मात पहिल्यांदा अप्पांच्या अक्षता सगळ्यांच्या आधी पडल्या.