घाटात हिसके मारणारी गाडी

एखादी गोष्ट समजली नाही, की चाचा डावा हात खाली नेऊन हवेतला गिअर हलवायचे आणि म्हणायचे, "थांब गड्या, न्यूट्रलला टाकतो." मग डोळे मिटून गप्प बसायचे. माझ्या दुकानात तर त्यांची गाडी बहुतेक वेळ न्यूट्रललाच असायची.

जन्मभर एसटीची लाल गाडी चालवलेला ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल. खुर्चीत बसला तरी पाठ सीटला टेकल्यासारखी. चाचांनी कराड-चिपळूण रस्त्यावर निम्मं आयुष्य घालवलं. कोयनानगरच्या पुढची वळणं ते नातेवाइकांसारखी ओळखायचे. पुढे साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली गेला, आणि गाडी चालवणं सुटलं.

पुण्यात राहणाऱ्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. त्यात बस चालवायचा गेम होता. कुणा हौशी पोरांनी त्यात लाल गाडी आणि घाट बनवला होता. "हा आपलाच घाट आहे, अब्बा," असं मुलगा सांगून गेला.

कराडच्या स्टँडमागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एका सकाळी चाचा कुबडी टेकत आत आले.

"त्या गेमात पाय लागत न्हाईत बघ. बोटांवर चालती गाडी," ते म्हणाले. "पण घाटात लय हिसके मारती. वळणावर चित्रच थांबतंय. पुढं दरी हाय का रस्ता, कळतच न्हाई."

"चित्र भराभर काढणारं ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल," मी सांगितलं.

"कुठलं?"

इथं माझी पंचाईत झाली. माझं काम प्रिंटरचं आणि दुकानदारांच्या बिलांचं. मी मोबाइलवर व्हिडिओ लावले. एक जण म्हणे, स्वस्तातलं जुनं कार्ड घ्या. दुसरा म्हणे, जुनं अजिबात घेऊ नका. तिसऱ्याचं म्हणणं, प्रोसेसरच म्हातारा असेल तर कार्डाचा उपयोग नाही. चौथा पॉवर सप्लाय जळेल म्हणून घाबरवत होता.

"म्हंजे बॉडी नवी आन इंजिन जुनं?"

"असंच काहीतरी."

"मग चढंल का गाडी?"

"चढेल... कदाचित."

"कदाचित म्हणून घाटात गाडी घालत न्हाईत, गड्या."

शेवटी आम्ही सांगलीला मोठ्या दुकानात गेलो. बसमध्ये चाचा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. रस्त्यात म्हैस आडवी आली, तेव्हा ड्रायव्हरच्या आधी चाचांनी ब्रेक दाबला. नसलेल्या पायानं. आखडलेली मांडी मला दिसली. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानदारानं काउंटरवर तीन कार्डं मांडली. एकाला एक पंखा, एकाला दोन, एकाला पंखाच नाही.

"काका, सेकंदाला फ्रेम किती पाहिजेत? साठ चालतील?"

"घाटात साठ?" चाचा उखडले. "डोकं फिरलंय काय? पस्तीसच्या वर न्यायची न्हाई!"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी कार्डांकडे. त्याला पॉवरची वेगळी वायर लागत नाही एवढं एकच कळलं, म्हणून मी लहानातलं एका पंख्याचं उचललं. तेच का, हे मला आजही सांगता येणार नाही.

चाचांच्या घरी ते बसवलं. कॅबिनेटचं झाकण लागेना, म्हणून उघडंच ठेवलं. बटण दाबलं तर स्क्रीन काळा. तासभर खटपट केल्यावर लक्षात आलं, मॉनिटरची वायर मी जुन्याच जागी खोचली होती. ती कार्डाला लावली आणि चित्र आलं.

काय चित्र! झाडाची पानं हलत होती, कठड्याचे दगड मोजता येत होते. चाचांनी गाडी काढली. एकही हिसका नाही. मी खुशीत त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"हे वळण डाव्या अंगाला पायजे," ते हळूच म्हणाले. "आन हितं देऊळ हाय. कुठं गेलं?" आणखी दोन वळणं झाली. "हा आपला घाट न्हाई रं."

हिसक्यांमध्ये जे दिसत नव्हतं, ते इतके दिवस त्यांनी मनानं भरून काढलं होतं. आता सगळं स्वच्छ दिसलं, आणि त्यांचा घाटच गेला. मी त्यांचं भलं केलं की वाटोळं, मला कळेना. "कार्ड काढू का परत?" असंही मी विचारून बसलो.

चाची चहा घेऊन आल्या. "काय झालं?"

चाचांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाले, "रूट बदललाय. नवा हाय. शिकाय लागंल." आणि चहा तसाच ठेवून गाडी पुढं काढली.

शिकले. दुकानात यायचे ते नव्या वळणांच्या तक्रारी घेऊन. पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते गेले.

त्यांची आठवण निघाली की मला एक दुपार दिसते. मी सहज त्यांच्या घरी गेलो होतो. गेममधल्या घाटमाथ्यावर धुक्यात त्यांनी गाडी कडेला घेतली होती, इंजिन बंद.

"का थांबलात, चाचा?"

"च्या प्याया उतरलीत मानसं. एक म्हातारी अजून आली न्हाई."

मी स्क्रीनकडे बघितलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. मग मीही स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी थांबलो.