वाचून स्वस्थ बसवेना

जेवणाच्या सुट्टीत डबा भराभर संपवायचा आणि उरलेला वेळ वाचायचं, ही सवय मला तिने लावली. ती माझ्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट. ठाण्याच्या एका पंख्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही दोघी एकदमच लागलेलो. मी डोंबिवलीची, वडील शिक्षक, घरात पुस्तकं भरपूर, पण नाटकांची आणि अभंगांची. ती बाळकुमची, खाडीवरच्या कोळी घरातली. वडिलांची होडी होती, आई बाजारात मासळी विकायची आणि ही राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली.

ऑफिसजवळच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला फारसा कोणाचा हात लागत नसे. तिथून ती गरीब देशांवरची पुस्तकं आणायची. परदेशी कर्ज घेऊन कारखाने काढणारी सरकारं, जमिनीसाठी भांडणारे शेतकरी, धरणापायी उठवलेली गावं. इंग्रजी जड होतं. ती वाचायची, मी डिक्शनरीत शब्द शोधायचे. मधेच पुस्तक पालथं ठेवून ती उठायची आणि खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची.

"अगं, बस ना."

"कशी बसू? त्या गावातल्या एकालाही कोणी विचारलं नाही. नकाशा आधी तयार, माणसं मागून."

घरी गेल्यावर मलाही चैन पडत नसे. भाजी चिरताना ज्याची राजधानी मला सांगता आली नसती अशा एखाद्या देशातली बाई डोळ्यांपुढे यायची. आई माझ्यासाठी स्थळांबद्दल बोलत असायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचे. वडिलांनी एकदा पुस्तक चाळून शांतपणे विचारलं, "हे वाचून तू पुढे काय करणार आहेस?" मी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. त्या प्रश्नाचा रागही आला आणि तो प्रश्न बरेच दिवस डोक्यातून जाईना.

तेवढ्यात बाळकुमला बिल्डर येऊ लागले. शेतांच्या बाजूने खांब रोवले गेले, खाडीकडे भराव पडायला लागला. देवळासमोर गावकीची बैठक ठरली. ती मला म्हणाली, "तू ये. मी बोलणारे, आणि मला भीती वाटतेय."

बायका एका कडेला बसलेल्या. मी तिच्या आईच्या मागे बसले. ती उभी राहिली तेव्हा पुढच्या माणसांनी माना वळवून पाहिलं. ती म्हणाली, जमीन विकायची तर विका, पण होड्या कुठे लावायच्या, खाडीवर जायचा रस्ता कुठून राहणार, ते आधी लिहून घ्या. कोणीतरी हसलं. मग माझ्यापुढून तिची आईच उठली.

"बिल्डिंग झाली का नळ घरात येनार. त्यात वाईट काय गो?"

बैठक तिथेच संपल्यासारखी झाली. मी त्यांच्याबरोबर तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपाशी बसून, तिच्याकडे न बघता म्हणाली, "लांबच्या बायांसाठी तुला रडू येतं. मी पानी वाहून वाहून मान मोडली, ते तुला दिसत नाय?"

ती उठून बाहेर गेली.

नंतर तिने पुस्तकं आणायचं बंद केलं. सुट्टीत नुसती खिडकीशी उभी राहायची, टाइप करताना चुका करायची. मी एक पुस्तक आणून टेबलावर ठेवलं तर तिने ते माझ्याकडे सरकवलं. "वाचून मी फक्त घरात भांडणं केली," ती म्हणाली.

पुढे महापालिकेची निवडणूक आली आणि त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. एका पक्षाची माणसं तिच्या घरी आली, तिच्या वहिनीला उभं करायचं म्हणून. वहिनी बिचारी घाबरून आत निघून गेली. "सह्या करायला आम्ही आहोत ना," असं त्यांतला एक जण म्हणाला आणि ही म्हणाली, "मग मी उभी राहते. अपक्ष."

मी रजा टाकून प्रचाराला गेले. पहिल्या दिवशी ती दारोदार समन्यायी विकास, लोकसहभाग असे शब्द बोलत होती. लोक पत्रक घ्यायचे आणि दार लावायचे. संध्याकाळी ती पायरीवर बसली, चपला बाजूला भिरकावल्या.

"कोणाला कळतच नाही गं. कसं बोलू?"

"आपण वाचायचो तेव्हा तू मला समजावून सांगायचीस ना? तसं."

दुसऱ्या दिवसापासून ती आधी विचारायला लागली. पाणी किती वेळ येतं, गटार कुठे तुंबतं, होडी कुठे लावता. मग लोक तिला आत बोलवायला लागले. एका सकाळी तिची आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर निघाली. मासळी विकता विकता दारात सांगायची, "पोरगी माजी भांडखोर हाय, पन खोटा नाय बोलायची." हे ऐकून ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

ती हरली. त्या पक्षाने मग एका कंत्राटदाराच्या बायकोला तिकीट दिलं होतं, ती निवडून आली. मोजणीहून परतताना आई रडत होती. ही कोरडी. पण आठवड्याभरातच ती गल्लीतल्या बायका गोळा करून महापालिकेत जायला लागली, खाडीच्या रस्त्यासाठी. साहेब जागेवर नसायचा. त्या पुन्हा जायच्या. मी जमेल तेव्हा ऑफिसातून पळून त्यांच्यात मिसळायचे. एवढ्या खेपांनंतर दोन कंपाउंडच्या मधून एक अरुंद वाट मिळाली. टेम्पो जात नाही, पण होडीचं सामान नेता येतं.

माझं लग्न झालं, मी कल्याणला आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते बिल्डिंगमध्ये राहत होते. आईने मला नळ सोडून दाखवला, मग जोर कमी आहे म्हणून कुरकुरली. आम्ही दोघी त्या वाटेने खाडीपर्यंत गेलो. पाणी काळं झालेलं. होड्या थोड्याच उरल्या होत्या, तिच्या वडिलांची नव्हती.

"एवढी वाट मिळवली," मी म्हणाले.

"एवढीच," ती म्हणाली. तिने पायाने थोडी खडी पाण्यात उडवली. मग विचारलं, "पुन्हा उभी राहू का गं?"

मी लगेच हो म्हणाले नाही. मला तिच्या आईचं रडणं आठवत होतं. ती उत्तराची वाट न बघता, "आधी गल्लीतल्या बायकांना विचारते," म्हणत मागे फिरली आणि इतकी भरभर चालायला लागली की मला तिला गाठायला धावावं लागलं.